विवाहोत्तर करार करून देणारी वकिली सेवा : नवरा-बायको एकाच कंपनीत असतील तर

आमच्या कंपनीचे ५० टक्के शेअर माझ्या नावावर आहेत, ३० टक्के माझ्या पतींच्या आणि उरलेले २० टक्के आमच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या नावावर. व्यवसाय मी लग्नाच्या चार वर्षे आधी सुरू केला होता. पती त्यात लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आले. गेल्या वर्षी मोठे कर्ज घ्यायची वेळ आली, तेव्हा बैठक संपता संपता, फाईल बंद करत, सहकाऱ्याने अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, "उद्या तुमचं दोघांचं बिनसलं, तर माझ्या वीस टक्क्यांचं काय?" आम्ही हसून वेळ मारून नेली, पण घरी पोहोचेपर्यंत दोघांनाही कळून चुकले होते की याचे उत्तर आमच्यापाशी नाही. त्यातून विवाहोत्तर करार, म्हणजे पुढे विभक्त झालो तर मालमत्तेचे आणि देण्यांचे काय होईल हे लग्नानंतर लिहून ठेवणारा करार, करायचे ठरले आणि तो करून देणाऱ्या एका वकिली कार्यालयाची सेवा आम्ही घेतली. पुढे त्यांच्याविषयी बरे आणि वाईट दोन्ही लिहायचे असल्याने त्यांचे नाव देत नाही.

निकाल आधीच सांगते : पाचपैकी साडेतीन तारे. कागदपत्रे तपासण्यात आणि सल्ला देण्यात ही मंडळी पक्की आहेत. पहिला मसुदा मात्र त्यांनी असा पाठवला की दीड तारा तिथेच गेला.

पहिल्या भेटीत ज्येष्ठ वकीलबाईंनी सर्वांत आधी हे स्पष्ट केले की त्या आमच्या दोघांच्या वकील होणार नाहीत. "तुम्ही माझ्या पक्षकार. तुमच्या पतींनी त्यांचा वकील वेगळा करावा, आणि तो माझ्या ओळखीतला नसावा," असे त्या म्हणाल्या. पती थोडे दुखावले. आम्ही काही भांडायला आलेलो नाही, असे त्यांनी बोलूनही दाखवले. "म्हणूनच हे आत्ता करायचं," बाई शांतपणे म्हणाल्या. दोन वकील म्हणजे खर्च जवळजवळ दुप्पट, हे खरे; पण त्यांनी दिलेले कारण मला पटले. लग्नाआधी करार करणारी दोन माणसे एकमेकांना नकार देऊन निघून जाऊ शकतात; लग्न झालेल्यांचा घरखर्च, मुले, कर्जे आणि एकमेकांवरचा विश्वास हे सगळे आधीच गुंतलेले असते. त्यामुळे एकाने दुसऱ्याच्या विश्वासाचा फायदा तर घेतला नाही ना, हे न्यायालये विवाहोत्तर कराराच्या बाबतीत अधिक बारकाईने पाहतात. स्वतंत्र सल्ला न घेता केलेली सही हे असा करार मोडून काढण्याचे हाताशी असलेले पहिले कारण ठरते. जे कार्यालय "दोघांचे मिळून एकाच शुल्कात करून देतो" असे सांगते, ते तुमचे पैसे वाचवत नाही, तर तुमच्या कराराचा पाया काढून घेते, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

दुसऱ्या भेटीआधी त्यांनी १९ कागदांची यादी पाठवली. लग्नाबद्दल त्यात एक ओळसुद्धा नव्हती. कंपनीची नियमावली, म्हणजे आपण ज्याला आर्टिकल्स म्हणतो ती, भागधारकांचा करार, शेअरची नोंदवही, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि करविवरणपत्रे, कर्जमंजुरीची पत्रे, जागांचे भाडेकरार, विम्याच्या पॉलिसी, ट्रेडमार्कची नोंदणी असे सगळे त्यात होते. शेवटची ओळ होती : दोघांनी आजवर सही केलेल्या वैयक्तिक हमीची पत्रे. मला ही यादी अति वाटली होती. तीच पुढे सगळ्या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग ठरली.

बाईंच्या टेबलावर आम्ही कागद गठ्ठ्यागठ्ठ्याने मांडले आणि त्यांच्या सहायकाने पिवळ्या चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने त्याने एक कागद उचलून विचारले, "हे कर्ज फिटलं आहे ना?" फिटले होते, सहा वर्षांपूर्वीच. "मग हमीतून मुक्त केल्याचं पत्र कुठे आहे?" ते पत्र आम्ही कधी मागितलेच नव्हते. पतींनी गोदामाच्या जुन्या कर्जासाठी दिलेली हमी चालू स्वरूपाची होती, म्हणजे त्याच बँकेकडून कंपनीने पुढे जे जे कर्ज घेतले, त्यालाही ती लागू होत होती. उद्या घटस्फोट झाला असता, पतींनी शेअर माझ्या नावे करून दिले असते आणि कंपनीतून अंग काढून घेतले असते, तरी कंपनीच्या कर्जासाठी बँक त्यांच्या दारात उभी राहू शकली असती. त्याच दिवशी असेही निघाले की कंपनीचा ट्रेडमार्क कंपनीच्या नावे नाही, माझ्या वैयक्तिक नावे आहे, कारण तो नोंदवला तेव्हा कंपनीच नव्हती. म्हणजे मी विभक्त झाले असते तर कंपनीला तिचेच नाव वापरायला माझी परवानगी लागली असती. घरात इतकी वर्षे एका टेबलावर जेवणाऱ्या आम्हा दोघांना या दोन्ही गोष्टींचा पत्ता नव्हता.

मालमत्ता आणि देणी यांचा पूर्ण खुलासा हा अशा कराराचा कणा आहे. प्रत्येकाच्या मालमत्तेचे परिशिष्ट कराराला जोडले जाते, त्यात देणीही लिहिली जातात, आणि जे लपवले जाते त्याच्यामुळे पुढे सगळा करार अडचणीत येऊ शकतो. व्यवसाय असलेल्या दांपत्याच्या बाबतीत खरी अडचण लपवण्याची नसतेच बहुधा. माहीतच नसण्याची असते.

या कार्यालयाची आणखी एक गोष्ट आवडली. करार कुठे टिकेल आणि कुठे टिकणार नाही याचे दोन पानी टिपण त्यांनी मसुद्याच्या आधीच दिले. आमचे ग्राहक आणि थोडी गुंतवणूक दोन-तीन देशांत पसरलेली असल्याने ते उपयोगी पडले. इंग्लंडमधील न्यायालये ज्यांचे ऐकतात त्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटनबाहेरच्या काही प्रदेशांची शेवटची अपिले ऐकणाऱ्या लंडनमधल्या न्यायपीठाने, २००८ मध्ये, आइल ऑफ मॅन या बेटावरून आलेल्या अपिलात, विवाहोत्तर करार हा वैध करार असू शकतो असे म्हटले. २०१० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दोघांनी स्वेच्छेने आणि परिणाम पुरते समजून केलेल्या कराराला, तो लागू करणे त्या परिस्थितीत अन्यायाचे ठरत नसेल तर, वजन द्यावे. २०१४ मध्ये तेथील विधी आयोगाने अशा करारांना अटींसह बंधनकारक करण्याची शिफारस केली, आणि त्या अटींमध्ये स्वतंत्र सल्ला, खुलासा आणि लग्नाआधीच्या करारांसाठी सही आणि लग्न यांत किमान २८ दिवसांचे अंतर, या गोष्टी होत्या. अमेरिकेत राज्यांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेल्या २०१२ च्या नमुना कायद्याने विवाहपूर्व आणि विवाहोत्तर करारांना एकाच चौकटीत आणले, आणि ज्याला वकील नाही त्याला तो कोणते हक्क सोडतो आहे हे सोप्या भाषेत लेखी सांगण्याची अट घातली. पण तो कायदा फारच थोड्या राज्यांनी स्वीकारला. ओहायो राज्यात तर विवाहोत्तर करारांना २०२३ मध्ये प्रथमच परवानगी मिळाली. भारतात अशा करारासाठी स्वतंत्र कायदा नाही, आणि १८७२ च्या करार कायद्याचे कलम २३ सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्दबातल ठरवते; तिथे व्यवसायापुरत्या तरतुदी भागधारकांच्या करारात किंवा भागीदारीच्या दस्तात घालणे हा अधिक भरवशाचा मार्ग, असे टिपणात स्वच्छ लिहिले होते. शुल्क घेणाऱ्या माणसाने "इथे माझा कागद चालेलच असे नाही" हे आपणहून लिहून देणे मला फार विशेष वाटले.

इतके सगळे करून झाल्यावर आलेला पहिला मसुदा मात्र पाहवेना. ३४ पाने, आणि त्यातली निम्मी कोणत्याही दांपत्याला चालतील अशी. कलम १४ मध्ये "दवाखान्यातील रुग्णांची यादी" कोणाकडे राहील याची तरतूद होती. आमचा दवाखाना नाही. कोणा डॉक्टर दांपत्याच्या करारातून ते कलम उचलून आमच्यात चिकटवले गेले होते. आणि उद्या आमच्या करारातले एखादे कलम असेच कोणाच्या तरी घरी जाऊन पडेल का, या विचाराने मला हसू यायच्या ऐवजी धडकीच भरली. बाईंना फोन केला, तेव्हा त्यांनी सबब न सांगता चूक मान्य केली, एवढे नमूद करायला हवे.

तो विनोद सोडला, तरी मूळ दोष मोठा होता. मसुद्यात म्हटले होते की विभक्त झाल्यास दोघांचे मिळून असलेले शेअर निम्मे-निम्मे वाटले जातील. ऐकायला न्याय्य वाटते. प्रत्यक्षात ५०-३०-२० चे ४०-४०-२० झाले असते, म्हणजे ज्यांचे एकमेकांशी बोलणे बंद आहे अशा दोघांकडे समान मते आणि प्रत्येक ठरावाची किल्ली तिसऱ्याच्या खिशात. शिवाय आमच्या नियमावलीप्रमाणे कोणालाही शेअर हस्तांतरित करायचे असतील तर ते आधी सर्व विद्यमान भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करावे लागतात. नवरा-बायकोतल्या हस्तांतरणालाही त्यातून सूट नव्हती. म्हणजे आम्ही दोघांनी आपसात केलेला करार पाळायचा, तर कंपनीच्या नियमावलीचा भंग करावा लागला असता. हीच नियमावली त्यांनी १९ कागदांत सर्वांत आधी मागितली होती, वाचली होती, तिच्यावर पिवळी चिठ्ठीही लावली होती. मसुदा करणाऱ्याने ती चिठ्ठी उघडून पाहिली नाही. मोठ्या कार्यालयांत कागद वाचणारा एक आणि लिहिणारा दुसरा असतो, त्याचा हा परिणाम असावा.

दुसऱ्या मसुद्यात हे सुधारले. शेअर वाटायचेच नाहीत. कंपनी माझ्याकडे राहील, आणि पतींच्या ३० टक्क्यांची किंमत त्यांना मिळेल, असा आराखडा ठरला. नियमावलीत दुरुस्ती करून हे हस्तांतरण, शेअर आधी सर्व भागधारकांना देऊ करण्याच्या अटीतून वगळण्यात आले आणि सहकाऱ्याने त्यापुरत्या स्वतंत्र संमतिपत्रावर सही केली. त्याच्या वीस टक्क्यांचे उत्तर त्याला तिथे मिळाले.

मग राहिला किमतीचा प्रश्न, आणि माझ्या मते अशा करारातली निम्मी मेहनत याच एका कलमावर व्हायला हवी. पहिल्या मसुद्यात "पुस्तकी मूल्य" असे दोन शब्द होते. पुस्तकी मूल्य म्हणजे ताळेबंदातली मालमत्ता वजा देणी. ज्या व्यवसायाची खरी ताकद ग्राहक, माणसे आणि नाव यांत आहे, त्याची किंमत या पद्धतीने फार कमी निघते. पतींच्या वकिलांनी नेमके इथेच बोट ठेवले, आणि ते बरोबर होते. पण "बाजारमूल्य" लिहून भागत नाही. समजा, पूर्ण कंपनीची किंमत १०० आहे. तिचे ३० टक्के म्हणजे ३० असे आपल्याला वाटते. पण मूल्यांकन करणारा म्हणू शकतो की ३० टक्के हा अल्पमताचा हिस्सा आहे, त्यातून कंपनीवर ताबा मिळत नाही, तो सहजी विकताही येत नाही, म्हणून त्यावर २५ टक्के सूट धरू. मग ३० चे २२.५ होतात. ही सूट धरायची की नाही हे करारात लिहिलेले नसेल तर तेवढ्या एका मुद्द्यावर दोन तज्ज्ञ दोन वर्षे भांडू शकतात. आमच्यात स्पष्ट लिहिले आहे की सूट धरायची नाही. कारण हिस्सा बाहेरच्या माणसाला विकला जात नसून ज्या व्यक्तीकडे ताबा आहे तिच्याकडेच जातो आहे.

तसेच मूल्यांकनाची तारीख. विभक्त होण्याची तारीख, अर्ज दाखल करण्याची तारीख, की पैसे देण्याची? व्यवसायात एक वाईट वर्ष गेले तर या तीन तारखांना तीन वेगवेगळे आकडे निघतात, आणि जो चालवतो त्याला ते वर्ष थोडे अधिक वाईट दाखवण्याचा मोहही होऊ शकतो. (हे वाक्य माझ्याच विरुद्ध जाते, याची मला कल्पना आहे.) आमच्या करारात लेखी नोटीस दिल्याच्या आधीच्या आर्थिक वर्षाची अखेर धरली आहे आणि तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा आधार घेतला आहे. मूल्यांकन करणारा दोघांनी मिळून नेमायचा. एकमत न झाल्यास दोघांचे दोन तज्ज्ञ तिसरा निवडतील आणि त्याचा आकडा अंतिम राहील. नावलौकिकाचेही दोन भाग केले आहेत : कंपनीचा स्वतःचा आणि माझ्या व्यक्तिगत ओळखीमुळे येणारा. दुसरा भाग किमतीत धरलेला नाही. त्यावर बरीच ओढाताण झाली आणि शेवटी पतींनी मान्य केले, त्याच्या बदल्यात मी त्यांना द्यायच्या हप्त्यांवरच्या व्याजाचा दर वाढवून दिला.

लग्नाआधीच्या व्यवसायाचे काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आधीपासून होता. मला वाटे, मी सुरू केला म्हणजे माझा. बाईंनी समजावले की सुरू केल्याच्या दिवशीचे मूल्य एक, आणि लग्नानंतर त्यात झालेली वाढ वेगळी. त्या वाढीतही बाजार वधारल्यामुळे आपोआप झालेली आणि दोघांच्या कष्टाने झालेली, असा फरक अनेक ठिकाणी केला जातो. पती सुरुवातीची पाच वर्षे बाजारात मिळाला असता त्याहून निम्म्या पगारावर काम करत होते आणि नफा आम्ही घरी न आणता कंपनीतच ठेवत होतो. म्हणजे घराच्या वाट्याचे पैसे कंपनीच्या मूल्यात जाऊन बसले होते. हे कागदावर आकड्यांनी मांडलेले पाहिले, तेव्हा माझा "माझा व्यवसाय" हा शब्दप्रयोग थोडा खाली आला. करारात लग्नाच्या दिवशीचे मूल्य दोघांनी मान्य करून परिशिष्टात लिहिले आहे, जेणेकरून पुढे कोणी तो आकडा शोधत जुन्या वह्या उपसत बसणार नाही.

पैसे कसे द्यायचे, या कलमात त्यांचे काम उत्तम आहे. एकरकमी देणे कोणत्याही चालत्या कंपनीला झेपत नाही, म्हणून पाच वर्षांचे हप्ते, व्याज, हप्ता चुकल्यास उरलेली सगळी रक्कम तत्काळ देय, आणि तारण म्हणून माझ्या शेअरचा ठरावीक भाग गहाण. मधल्या काळात माझे काही बरेवाईट झाले तर उरलेली रक्कम भागावी म्हणून माझ्या आयुर्विम्यावर पतींचे नाव. त्यांच्या वैयक्तिक हमीतून त्यांना मुक्त करून घेण्यासाठी मला १८० दिवस आहेत, आणि बँक ऐकली नाही तर त्या हमीपोटी त्यांना जे भरावे लागेल ते मी भरून द्यायचे. पतींच्या वकिलांनी सुचवलेला एक पर्याय, एकाने किंमत सांगायची आणि दुसऱ्याने त्या किमतीला विकायचे की विकत घ्यायचे ते ठरवायचे, आम्ही सोडून दिला. तो ऐकायला चोख आहे, पण ज्याच्याकडे रोकड जास्त त्याच्या बाजूला झुकणारा आहे. तसेच, ज्या नफ्यावरून शेअरची किंमत काढली तोच नफा पोटगीचा हिशेब करताना पुन्हा माझे उत्पन्न म्हणून धरायचा नाही, हेही लिहून घेतले. एकाच दुधावरची साय दोनदा काढता येत नाही, असे बाईंचे त्यावर म्हणणे.

मुलांचा ताबा आणि त्यांचा खर्च करारात बांधून ठेवता येत नाही. त्या वेळी मुलांच्या हिताचे काय हे न्यायालयच ठरवते. कोण चुकला यावरून दंड लावणारी कलमे त्यांनी घालायला नकार दिला, तेही योग्यच. वादासाठी आधी मध्यस्थी, मग लवाद, हे नेहमीचे कलम आहे.

सगळ्याला ११ आठवडे लागले आणि तीन मसुदे झाले. शेवटचा २१ पानांचा. अंतिम मसुदा हाती आल्यावर महिनाभर त्यांनी सही करू दिली नाही, घाईत सही घेतली असे पुढे कोणी म्हणू नये म्हणून. शुल्क टप्प्याटप्प्याने ठरलेले होते, तासांवर नव्हते, त्यामुळे फोन करताना घड्याळाकडे पाहावे लागले नाही. मात्र दुसरा मसुदा "अतिरिक्त फेरबदल" म्हणून वेगळा आकारला होता. जो फेरबदल त्यांच्याच चुकीमुळे झाला त्याचे पैसे मी का द्यावेत, असे लेखी विचारल्यावर ती रक्कम त्यांनी बिलातून काढली. विचारले नसते तर काढली असती, असे मला वाटत नाही.

ज्या दांपत्याचा व्यवसाय दोघांपुरताच, कर्जाशिवाय आणि लहान आहे, त्यांना इतक्या मोठ्या कार्यालयाची गरज नाही. कंपनीत तिसरा भागधारक असेल, बँकेला वैयक्तिक हमी दिलेली असेल किंवा एकाचा व्यवसाय लग्नाआधीचा असेल, तर जावे. जाताना आपली नियमावली स्वतः एकदा वाचून जावी आणि पहिल्या मसुद्यातले प्रत्येक कलम तिच्याशेजारी ठेवून पाहावे. दर तीन वर्षांनी परिशिष्टे नवी करायचे कलम आमच्यात आहे. त्यातले चौथे, म्हणजे हमींचे परिशिष्ट, सहीच्या दिवशी जुन्या नोंदीसहच छापले गेले होते. हाताने दुरुस्ती करून आम्ही दोघांनी बाजूला सह्या केल्या. त्याची स्वच्छ प्रत पाठवतो म्हणाले होते, ती अजून आलेली नाही.